बादलीभर समुद्राचं पाणी

हवामान परिषद म्हटलं की आज राष्ट्रप्रमुख आणि रात्र रात्र चालणाऱ्या वाटाघाटी आठवतात. १८५३च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सला जी सागरी हवामान परिषद भरली, तिला दहा देशांचे जेमतेम बारा प्रतिनिधी होते, त्यांतले बहुतेक आरमारी अधिकारी. पुढाकार अमेरिकी नौदलाच्या मॅथ्यू मॉरी यांचा. विषय एकच: जहाजाच्या नोंदवहीत काय आणि कसं लिहायचं? वारा, हवेचा दाब, पाण्याचं तापमान अशा नोंदींचा सामाईक तक्ता ठरला. पुढे १८७३च्या व्हिएन्ना परिषदेतून जमिनीवरच्या वेधशाळाही एकत्र आल्या.

तापमानाची नोंद घ्यायची रीत साधी होती. दोर बांधलेली बादली समुद्रात सोडायची, पाणी डेकवर ओढायचं, त्यात तापमापक धरायचा. पण कॅनव्हासच्या बादलीतून पाणी झिरपतं, त्याचं बाष्पीभवन होतं आणि माठातल्यासारखं ते गार होतं. नंतर इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजू लागले, ते जरा जास्तच भरायचं. म्हणून जुना आकडा वापरण्याआधी तो कोणत्या पद्धतीनं घेतला, हे शोधून दुरुस्ती करावी लागते. काम किचकट, पण मला ते फार मोलाचं वाटतं. सागरपृष्ठाच्या तापमानाची १८५४पासूनची मालिका अशाच नोंदींमधून उभी राहिली आहे. एल निनो पूर्वी कधी आला होता आणि त्या वर्षी आपला मोसमी पाऊस कसा वागला, हे ताडून पाहायला ती आजही लागते.