बायबलाचे वाङ्मयरूप

बायबल वाङ्मय म्हणून वाचल्याने श्रद्धा उणावते काय? ग्वाल्हेरात राहून ओवी जपणाऱ्या आपणांस याचे उत्तर ‘क्रिस्तपुराणा’त मिळेल. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलातील कथा सुमारे ११,००० मराठी ओव्यांत गायिली, ती श्रद्धेपोटीच. १६१६ साली हा ग्रंथ गोव्यात रायतूर येथे छापला गेला.

बायबलात इतिहास आहे, स्तोत्रे आहेत, दृष्टान्तही आहेत. लुटलेल्या वाटसरूस वाचविणाऱ्या शोमरोन्याचा दृष्टान्त घडलेली हकिकत म्हणून तपासू लागलो, तर शेजारी कोणास म्हणावे, हा त्यातील प्रश्नच निसटतो. लेखनप्रकार ओळखून अर्थ लावावा, असे १९६५ साली व्हॅटिकन परिषदेनेही सांगितले. स्तोत्र काव्य म्हणून ऐकणे, हा देवशब्दाचा मानच होय.