वैद्यक आणि विवेक (भाग ७) : रुग्णाच्या वतीनं कोण बोलणार?

गेल्या आठवड्यात मेंदूमृत्यू कसा ठरवतात ते पाहिलं. आजच्या रुग्णाचा मेंदू मेलेला नाही. श्वास चालू आहे, डोळे उघडतात, पण तो बोलत नाही, कुणाला ओळखत नाही आणि सुधारणेची आशा डॉक्टरांनी सोडली आहे. त्याचे उपचार थांबवायचे का, हे कुणी ठरवायचं?

अरुणा शानबाग परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढची जवळपास ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात, चार नंबर वॉर्डलगतच्या खोलीत होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी त्यांना चालताबोलताना पाहिलंही नव्हतं, अशा मुलींनी त्यांना न्हाऊमाखू घातलं, कूस बदलली, मऊ करून घास भरवला. नंतर नाकातल्या नळीनं पातळ अन्न दिलं. अरुणा यांना माशांचं सूप आवडतं, असं परिचारिका सांगायच्या. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण होऊ न देणं किती कष्टाचं असतं, हे घरात आजारी माणूस सांभाळलेल्यांना वेगळं सांगायला नको.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना अन्न देणं थांबवावं, अशी याचिका केली. सर्वोच्च न्यायालयानं तीन डॉक्टरांकडून तपासणी करवून घेतली आणि ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन जीवरक्षक उपचार काढता येतील, हे तत्त्व त्याच निकालानं मान्य केलं. अरुणा यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क न्यायालयानं केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण त्यांना वर्षानुवर्षं त्यांनीच सांभाळलं होतं. मला हा निकाल माणुसकीचा वाटतो. तरीही विराणी बोलल्या, परिचारिका बोलल्या, न्यायमूर्ती बोलले. खुद्द अरुणा यांना काय हवं असतं, ते सांगणारं कुणीच नव्हतं. जिव्हाळ्यानं सेवा करणाऱ्याची इच्छा म्हणजे रुग्णाची इच्छा, असं मी मानू शकत नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं त्यांचा मृत्यू झाला.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली. विषारी इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे. परवानगी आहे ती व्हेंटिलेटरसारखे निरुपयोगी ठरलेले उपचार सुरू न करण्याची किंवा थांबवण्याची. पण त्या वेळी घातलेली पद्धत इतकी किचकट होती की रुग्णाचे नातलग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दारातच थकले असते. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करता येतं. आपल्या वतीनं निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावं त्यात लिहायची असतात. वेळ आली की रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं एकामागोमाग पाहणी करतात आणि प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. इच्छापत्र नसलं तरी, नातलगांच्या संमतीनं याच मंडळांमार्फत निर्णय होऊ शकतो. मन बदललं तर इच्छापत्र रद्दही करता येतं. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. न्यायासनावरच्या माणसानं स्वतः हे करणं मला मोलाचं वाटतं.

पण अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या बहुतेक कुटुंबांचा निर्णय मंडळ करतच नाही, बिल करतं. दागिने मोडून झालेले असतात, उसनवारी संपलेली असते. मग मुलगा ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ या कागदावर सही करतो आणि वडील रुग्णवाहिकेतून गावी जातात. कागदोपत्री हा नातलगांचा स्वेच्छेचा निर्णय. मला ही स्वेच्छा मान्य नाही. हक्काची भाषा करणाऱ्या निकालांइतकीच या माणसाला गरज आहे ती घरी वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची आणि रात्री धाप लागली तर येणाऱ्या नर्सची. ती पॅलिएटिव्ह केअर आपल्याकडे कुणापर्यंत पोहोचते, हे पुढच्या भागात पाहू.