घरापासून टपरी किती दूर?

तंबाखू विकणारी दुकाने वस्तीत किती आहेत आणि घरापासून किती अंतरावर आहेत, याचा तिथल्या लोकांच्या सवयीशी संबंध असल्याचे गेल्या दोन दशकांत अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. हा संबंध दोन मापांनी तपासला जातो. पहिले घनतेचे: चौरस किलोमीटरमागे किंवा हजार रहिवाशांमागे दुकाने किती. दुसरे अंतराचे: दारातून निघाल्यावर सर्वांत जवळच्या दुकानापर्यंत किती चालावे लागते. घनता जास्त असली की दुकानदारांत चढाओढ लागते, माल सहज आणि स्वस्तात मिळतो, आणि तंबाखू ही रोजच्या किराण्यासारखी साधी वस्तू वाटू लागते. अंतराचा परिणाम मात्र थेट तलफेवर होतो.

निकोटीन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे सवयीच्या माणसाला दिवसातून अनेकदा तलफ येते. ती नुसती शरीरातून उठते असे नाही. मांडलेली पाकिटे, धुराचा वास, टपरीपाशी उभी असलेली ओळखीची मंडळी, यांची सांगड मेंदूने पूर्वीच्या सुखाशी घातलेली असते. ती दिसली की तलफ जागी होते. सोडू पाहणाऱ्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. तलफेचा जोर बहुधा काही मिनिटांत ओसरतो. दुकान दोन मिनिटांवर असेल तर तेवढ्यात खरेदी होऊन जाते. पंधरा मिनिटांवर असेल तर निम्म्या वाटेत माणूस मागे फिरू शकतो.

फिनलंडमधील एका अभ्यासाने या तर्काला बळ दिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या आणि ते सोडलेल्या वीस हजारांहून अधिक प्रौढांची अनेक वर्षांची माहिती तपासली गेली. घर बदलल्यामुळे किंवा दुकाने उघडल्या-बंद झाल्यामुळे ज्यांचे जवळच्या दुकानापासूनचे अंतर बदलले, त्यांची तुलना त्यांच्याच आधीच्या स्थितीशी केली गेली. अंतर ५०० मीटरने वाढले की धूम्रपान सुटण्याची शक्यता सुमारे २० ते ६० टक्क्यांनी वाढत होती. एकदा सोडलेल्यांनी पुन्हा सुरू करण्याशी मात्र अंतराचा संबंध आढळला नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात २०११ च्या अभ्यासात जरा वेगळे दिसले. तिथे ज्यांच्या घरापासून अडीचशे किंवा पाचशे मीटरच्या आत दुकान होते, त्यांना सोडल्यानंतरचे सहा महिने निभावून नेणे अधिक अवघड गेले. परिसरातील दुकानांच्या एकूण संख्येने तिथे फरक पडला नव्हता. फरक पडला तो सर्वांत जवळच्या दुकानाने.

अशा निष्कर्षांवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. दुकानदार गिऱ्हाईक असेल तिथेच दुकान थाटतो, मग सवय आधी की दुकान आधी? शिवाय अमेरिका आणि स्कॉटलंडमध्ये गरीब वस्त्यांत अशी दुकाने अधिक आहेत, आणि गरिबीचा तंबाखूशी स्वतंत्र संबंध आहेच. एका वेळी घेतलेल्या पाहणीतून हा गुंता सुटत नाही. फिनलंडच्या अभ्यासाचे मोल इथे कळते: माणूस तोच, त्याचा स्वभाव आणि शिक्षण तेच, बदलले ते अंतर. तोही अंतिम पुरावा नव्हे, पण नुसत्या योगायोगापेक्षा पुष्कळ पुढचा आहे.

मुलांबाबतचे निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वेगळे आहेत. कॅलिफोर्नियातील २००८ च्या अभ्यासात, परिसरात पाचपेक्षा जास्त दुकाने असलेल्या शाळांत धूम्रपानाचे प्रमाण, एकही दुकान नसलेल्या शाळांपेक्षा ३.२ टक्के-अंकांनी जास्त निघाले. पण स्कॉटलंडमधील एका अभ्यासात घर आणि शाळा यांचा परिसर वेगळा काढून पाहिला, तेव्हा घराभोवतीच्या दुकानांचा संबंध ठळक निघाला. सर्वाधिक घनतेच्या भागात राहणारी मुले सध्या धूम्रपान करत असण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त होती. शाळेभोवतीच्या दुकानांबाबत असे चित्र दिसले नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये केलेल्या विश्लेषणातही घराच्या परिसरातील घनतेचाच संबंध टिकला.

भारतीय कायद्याचे लक्ष मात्र शाळेवर आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तर ती कुठेच करता येत नाही. ही हद्द दाखवण्यासाठी शाळांबाहेर पिवळी रेषा आखण्याची सूचनाही आहे. ही तरतूद हवीच. पण मूल शाळेत पाच-सहा तास असते आणि उरलेला वेळ गल्लीत, जिथे घराच्या कोपऱ्यावरच्या टपरीला अंतराची कोणतीही अट नाही. वरचे निष्कर्ष इथे लागू पडत असतील तर पिवळी रेषा अर्धेच काम करते.

महाराष्ट्रातील चित्र परदेशी अभ्यासांपेक्षा आणखी एका बाबतीत वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यांत धूम्रपान करणारे एकूण प्रौढांच्या अवघे ३.८ टक्के, तर चघळण्याची किंवा दातांना लावण्याची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे टपरीचा मुख्य व्यवहार धुराचा नाही. तो पुडी, मावा, खर्रा आणि चुना-तंबाखूचा आहे. तंबाखूची पुडी काही रुपयांत येते, खिशात मावते आणि कामाच्या जागी लपवता येते, त्यामुळे दुकानाच्या अंतराचा अडसर तिला कमी जाणवत असावा. सिगारेटही भारतात बहुधा सुटी घेतली जाते. पूर्ण पाकिटाचे पैसे एकदम काढावे लागत नाहीत, ८५ टक्के भाग व्यापणारा चित्रमय इशारा हातात येत नाही आणि प्रत्येक तलफेसाठी टपरी गाठावी लागते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विड्या-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. तिची काटेकोर अंमलबजावणी झाली तर तो बदल पुष्कळ अंतर वाढवण्याइतका परिणामकारक ठरू शकतो, कारण किशोरवयीन मुलांना परवडते ती सुटीच.

व्हेपिंगबाबत, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याबाबत, परदेशात असेच संबंध आढळले आहेत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात शाळांच्या परिसरात ई-सिगारेट विकणारी दुकाने जितकी दाट, तितका विद्यार्थ्यांत तिचा वापर जास्त दिसला. भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि मग कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आणली. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. त्यामुळे इथे ती उघडपणे मांडलेली नसते, आणि चोरून होणाऱ्या विक्रीला दुकानाची घनता हे माप लावता येत नाही.

दुकानांची संख्याच कमी करण्याचे प्रयोग काही देशांनी आणि शहरांनी केले आहेत. हंगेरीने २०१३ मध्ये विक्री सरकारी परवान्याच्या ठरावीक दुकानांपुरती ठेवली आणि चाळीस हजारांहून अधिक विक्रीकेंद्रांची संख्या काही हजारांवर आली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने दर हजार रहिवाशांमागे एक दुकान अशी मर्यादा घातली आणि शाळेपासून ५०० फुटांच्या आत नव्या परवान्यांना मनाई केली. चालू दुकानांना हात न लावता तीन वर्षांत घनता सुमारे २० टक्क्यांनी उतरली. न्यूझीलंडने सुमारे सहा हजार दुकाने सहाशेवर आणण्याचा कायदा केला होता, पण नव्या सरकारने २०२४ मध्ये तो लागू होण्याआधीच रद्द केला.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून दोन गोष्टी सुचवल्या: तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक स्वराज्य संस्थेचा परवाना असावा, आणि अशा दुकानांत बिस्किटे, चिप्स, शीतपेये असा मुलांना ओढणारा माल नसावा. टपरीवर ज्यांचे घर चालते त्यांना दुसरी सूचना जाचते, कारण तोच किरकोळ माल त्यांचा आधार असतो. त्यांना तंबाखू सोडून बाकीचा माल विकण्याचा पर्याय खुला राहतो, आणि तो निवडणाऱ्यांना पालिकेने जागेची हमी दिली तर बदल सोपा होईल. परवान्याची गरज तर त्याही आधीची आहे. कोणत्या गल्लीत किती टपऱ्या तंबाखू विकतात याची नोंद झाल्याशिवाय इथल्या वस्त्यांत घनता मोजता येणार नाही, आणि ती कमी झाली की नाही हेही ठरवता येणार नाही.