मजुरांचा अपघात-विमा
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील खातेदार शेतकऱ्यास सरकारची अपघात-योजना आहे. परंतु मळणीयंत्रांत हात सांपडणाऱ्या भूमिहीन मजुरास तिचा आधार नाहीं. त्याच्याकरितां प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. सन २०१५ मध्यें तिचा वार्षिक हप्ता १२ रुपये होता. ३१ मार्च २०२२ पर्यंत हप्त्यांचे १,१३४ कोटि रुपये जमले, तर दाव्यांपोटीं २,५१३ कोटि द्यावे लागले. सबब १ जून २०२२ पासून हप्ता २० रुपये झाला. मृत्यु आल्यास २ लक्ष व एक हात कायमचा गेल्यास १ लक्ष रुपये मिळतात. मेअखेर मजुराच्या बँकखात्यांत शिल्लक नसेल तर विमा तुटतो. यास्तव कास्तकार बंधूंनीं तत्पूर्वींच हे २० रुपये त्याच्या खात्यांत भरावेत, अशी आमची विनंति आहे. मात्र एवढ्यानें मालकाची जबाबदारी फिटत नाहीं, हेंही ध्यानीं ठेवावें.