रस्ता ओलांडणे रस्त्यावरच शिकवा

रस्ता सुरक्षा सप्ताह आला की शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, घोषणा देत फेऱ्या निघतात. ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहा’ हे मुलांना तोंडपाठ असते. पण पाठ असलेला नियम रस्त्यावर पाळला जाईलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, ५ ते २९ वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हेच आहे. जाम, हिंगणघाटवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्या वर्धा जिल्ह्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील जेम्स थॉमसन आणि सहकाऱ्यांनी ५ ते ७ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. ‘गाडी दिसत नाही, म्हणजे जागा सुरक्षित’ अशी या मुलांची समजूत होती. त्यामुळे वळण किंवा चढाचे टोकही त्यांना धोक्याचे वाटत नसे. वेगाचा अंदाज हीसुद्धा अडचणच. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते आणि लहान मुलांना हा वेग नीट जोखता येत नाही.

या संशोधनातून ‘कर्बक्राफ्ट’ हा उपक्रम उभा राहिला. प्रशिक्षित स्वयंसेवक दोन-तीन मुलांना शाळेजवळच्या खऱ्या रस्त्यावर नेतात. उत्तर न सांगता ‘इथून गाडी दिसेल का? कुठून ओलांडायचे?’ असे विचारतात. सुरक्षित जागा निवडणे, उभ्या गाड्यांमधून ओलांडणे आणि चौकाजवळ ओलांडणे ही तीन कौशल्ये अशी सरावाने येतात.

प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण वर्ध्याला नवे नाही. १९३७ मध्ये येथेच भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी ‘नई तालीम’चा विचार मांडला होता. रस्त्याचा धडाही त्याच वाटेने शिकवता येईल. पालकांनी शाळेच्या वाटेवर मुलाचा हात धरावा, पण कधी निघायचे हे त्याला ठरवू द्यावे आणि कारण विचारावे. चुकल्यास न रागावता थांबवावे.

मात्र सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. प्रशिक्षणाने मुलांचे वागणे सुधारते. त्यामुळे अपघात किती घटतात, याचा ठोस पुरावा मात्र तोकडा आहे. म्हणून शाळेसमोर गतिरोधक, मोकळा पदपथ आणि वेग कमी करणारे चालक हवेतच. मूल चुकणारच, हे मोठ्यांनी गृहीत धरायला हवे.