नेतृत्वविकास, लोकप्रशासनातील

शासकीय आणि लोकनियुक्त संस्थांचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तींच्या ठिकाणी निर्णयशक्ती, उत्तरदायित्वाची जाणीव व सहकाऱ्यांकडून काम करवून घेण्याची क्षमता हेतुपुरस्सर वाढविणे, यास लोकप्रशासनातील नेतृत्वविकास म्हणतात. सधन देशांत अशी माणसे विद्यापीठे, उद्योगधंदे आणि जुन्या नागरी संस्था यांतून पुरेशा संख्येने मिळत राहतात. वसाहतीच्या राजवटीतून मुक्त झालेल्या अल्प उत्पन्नाच्या देशांपुढील प्रश्न निराळा असतो. तेथे शासनाची कार्ये झपाट्याने वाढतात. ती पार पाडणारी माणसे मात्र मोजकी असतात आणि जुन्या प्रशासनाने त्यांना आज्ञापालन शिकविलेले असते, निर्णय घेणे नव्हे. जागतिक बँकेच्या वर्गीकरणात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही काही वर्षे अल्प उत्पन्नाचा गणला गेलेला भारत हे या प्रश्नाचे मोठे उदाहरण असून, महाराष्ट्रातील रत्नागिरी जिल्ह्यात त्याचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते.

सार्वजनिक कार्यकर्ते पद्धतशीरपणे तयार करण्याचा भारतातील एक आरंभीचा प्रयत्न याच जिल्ह्यात जन्मलेल्या पुरुषाने केला. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) हे गुहागर तालुक्यातील कोतळूकचे. त्यांनी १९०५ मध्ये पुणे येथे भारत सेवक समाजाची (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) स्थापना केली. सदस्याने अल्प वेतनावर निर्वाह करावा आणि प्रारंभीची पाच वर्षे अभ्यास व देशातील प्रत्यक्ष परिस्थितीचे अवलोकन यांत घालवावी, असा तिचा दंडक होता. श्रीनिवास शास्त्री, ठक्करबाप्पा, ना. म. जोशी हे तिचे सदस्य. गोखले यांनी स्वतः पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळले होते, ही गोष्ट त्यांच्या या योजनेचा विचार करताना विसरता येत नाही. मात्र गोखले काय, लोकमान्य टिळक काय किंवा महर्षी कर्वे काय, रत्नागिरीच्या या पुत्रांचे कार्यक्षेत्र जिल्ह्याबाहेर राहिले.

गावात उरले ते खोत. खोत हा मुळात सारावसुली करणारा वतनदार. परंतु कोकणात जमीन, सावकारी आणि गावकीतील मान हे सर्व बहुधा त्याच्याच घरी एकवटले. कुळांना त्याच्यापुढे बोलण्याची सोय नव्हती. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; प्रत्यक्ष निर्मूलनाचा अधिनियम १९४९ मध्ये झाला. कायद्याने वतन गेले, तरी सभेत उभे राहून हिशेब मागण्याची सवय कायद्याने लागत नाही. पंचायतींच्या कारभारासाठी नवे लोक घडविणे हे काम म्हणूनच येथे शून्यापासून सुरू करावे लागले.

स्वातंत्र्यानंतर देशात नेतृत्वविकासाचे दोन मार्ग अवलंबिले गेले. एक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा. पॉल ॲपलबी यांच्या १९५३ च्या अहवालानंतर भारतीय लोकप्रशासन संस्था (१९५४) स्थापन झाली व १९५९ मध्ये मसुरी येथे राष्ट्रीय प्रशासन अकादमी उभी राहिली. महाराष्ट्र शासनाने १९६३ मध्ये मुंबईत प्रशासकीय प्रशिक्षण महाविद्यालय काढले. तेच पुढे १९८४ मध्ये पुण्यास हलविण्यात आले आणि आज ‘यशदा’ या नावाने ओळखले जाते. दुसरा मार्ग सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा [→ पंचायत राज्य]. बलवंतराय मेहता समितीने (१९५७) विकास गटाला महत्त्व दिले होते. महाराष्ट्रात महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये जिल्हा हाच मुख्य घटक मानला, आमदार-खासदारांना परिषदेबाहेर ठेवले आणि प्रशासनाच्या प्रमुखपदी भारतीय प्रशासन सेवेतील मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आमदारांना वगळण्याच्या तरतुदीचा लाभ मोठा होता. नव्या माणसाला वाढण्यास त्यामुळे जागा मिळाली. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते, शेती यांचे अंदाजपत्रक मंजूर करताना शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या मुलाला शासन कसे चालते, ते कोठे अडते, हे कळू लागले. सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून १९७९ मध्ये सार्वजनिक जीवनात आलेले आर. आर. पाटील यांनी पुढे ग्रामविकास मंत्री या नात्याने २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावाचा कारभार आतून पाहिल्याचा तो परिणाम होय.

रत्नागिरीत ही प्रक्रिया सावकाश झाली. कर्तबगार तरुण मुंबईस जातो, हे तिचे मुख्य कारण. २००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली; त्याच काळात लोकसंख्या घटलेले राज्यातील अन्य जिल्हे मुंबई शहर व सिंधुदुर्ग हे दोनच होते. गावाचे मुंबईतील मंडळ शाळा, देऊळ, नळयोजना यांसाठी वर्गणी पाठविते आणि गणपती-शिमग्याला आलेले चाकरमानी बैठकीत निर्णय घेतात. पैसा उपयोगी पडतो, हे खरे. तथापि वर्षभर गावात राहणाऱ्या सरपंचाचा अधिकार त्यामुळे उणा होतो आणि चुका करून शिकण्याची संधीही त्याला मिळत नाही.

पुरुष बाहेर असल्याने या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या अधिक आहे (२०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२). संसार, शेती व व्यवहार पूर्वीपासून त्याच पाहत असत. पंचायतीत मात्र त्यांचा प्रवेश आरक्षणानंतर झाला. महाराष्ट्रात १९९२ च्या जिल्हा परिषद निवडणुकांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव होत्या, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. पतीने खुर्चीमागून कारभार करण्याचे प्रकार घडतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सही करण्यापूर्वी कागद वाचून पाहणारी सरपंचही दिसू लागते. दुर्दैवाने पुढे फिरत्या आरक्षणाची सोडत निघते व ती जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद तर अडीच वर्षांचे. पक्षांतर्गत वाटणीत तेही सव्वा-सव्वा वर्षाचे होते. एवढ्या अवधीत एक अंदाजपत्रकही पूर्णपणे समजून घेता येत नाही. सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, याविषयीचा नियमही राज्यात २०१७, २०२० व २०२२ असा तीनदा बदलला.

प्रशिक्षणवर्ग या उणिवा भरून काढू शकत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या वर्गात अधिनियमातील कलमे सांगता येतात. निविदा नाकारणे, ग्रामसभेत विरोधकाला उत्तर देणे किंवा अधिकाऱ्याच्या टिपणीशी मतभेद नोंदविणे हे पदावर राहूनच अंगी येते. त्यासाठी निवडणुका वेळेवर होणे आवश्यक असते. राज्यात १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या सर्वसाधारण निवडणुका एकदम १९९२ मध्ये झाल्या. पुढे रत्नागिरी जिल्हा परिषदेची २०१७ मध्ये निवडलेल्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका काही वर्षे लांबल्या आणि परिषदेचे अधिकार प्रशासक या नात्याने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेले. जिल्ह्यातील नऊ पंचायत समित्यांचीही तीच स्थिती होती. या काळात शाळा व दवाखाने चालू राहिले, परंतु अंदाजपत्रकावर सदस्यांची चर्चा झाली नाही.