नसांच्या गोष्टी (१४) : ‘फिटची गोळी’

रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्येच सोलापूरहून एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि मला ते बाजूला ठेववेना.

त्या लिहितात, ‘मागच्या लेखातली गालातली कळ म्हणजे आमच्या ह्यांचीच. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर फिटची गोळी! आमच्या घराण्यात कुणाला फिट नाही. ह्यांनी पाकीट तसंच कपाटात टाकलंय. चिठ्ठी चुकली का?’

चिठ्ठी चुकलेली नाही. गोळीचं नाव कार्बामाझेपिन. बाझलच्या गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर यांनी १९५३ मध्ये ती बनवली. पुढे स्वीडनच्या सिगफ्रिड ब्लोम यांनी हे नवं आकडीविरोधी औषध चेहऱ्याच्या कळेवर देऊन पाहिलं आणि १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. लेखाच्या मथळ्यात औषधाचा उल्लेख आहे तो जी-३२८८३ असा, कंपनीच्या क्रमांकाने.

पण आकडीचं औषध गालदुखीवर द्यावं असं सुचलं कसं? तर ही सोयरीक जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आर्मां त्रुसो यांनी या दुखण्याला फेफऱ्यासारखी नसदुखी असंच नाव दिलं होतं. हातात ना मेंदूचा आलेख, ना कसली चाचणी. नुसतं रोग्याकडे बघून. १९४२ मध्ये बोर्दोच्या बेर्गूइन्यां यांनी फेनिटॉइन हे फेफऱ्याचं औषध या कळेवर वापरलं आणि गुण आल्याचं लिहिलं. ब्लोम यांच्या आधी वीस वर्षं.

बघून कळतं, हे मात्र खरं. दाढ दुखणारा माणूस गाल तळहाताने दाबून धरतो. या रोग्याचा हात गालापर्यंत येतो आणि दोन बोटं अलीकडेच थांबतो. अर्धीच दाढी केलेले पुरुष मी पाहिलेत. बोलताना ‘प’ आला, ओठाला ओठ लागला की वाक्य तिथेच तुटतं, डोळा मिटतो, आणि काही सेकंदांत सगळं शांत. एक आजोबा कळ येऊन गेली रे गेली की दुधात कुस्करलेली भाकरी घाईघाईने दोन-चार घास खाऊन घ्यायचे. ‘आता थोडा वेळ ती येत नाही,’ म्हणायचे. त्यांना ठाऊक नव्हतं, पण स्वीडनमध्येच कुगेलबेर्ग आणि लिंडब्लोम यांनी १९५९ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं: झटक्यानंतर काही काळ कितीही डिवचलं तरी कळ उठत नाही. अचानक उठायचं, भडकायचं, आपोआप विझायचं आणि मग काही वेळ गप्प बसायचं, ही फेफऱ्याचीच चाल. जागा तेवढी वेगळी. तिकडे मेंदूतल्या पेशी बेभान होतात, इकडे चेहऱ्याची संवेदना नेणारी पाचवी नस.

गोळी काय करते? नसेच्या तंतूवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. संदेश जाताना दार उघडतं, लगेच लागतं, आणि पुन्हा उघडण्याजोगं व्हायला क्षणभर घेतं. कार्बामाझेपिन लागलेल्या दाराला आतून खांदा देतं. एकेकटा येणारा संदेश निघून जातो, झुंडीने धडका मारणारे अडतात. म्हणून स्पर्श कळतो, बोलता येतं, पण कळेची लड पेटत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, कारण दारं हा त्यांचा प्रांतच नव्हे. आणि दात तर बिचारे निर्दोष असतात, पण कळ दातातलीच वाटल्यामुळे निदान होईतो बऱ्याचदा दोन-तीन गेलेले असतात.

आता मेडिकलवाल्यासाठी एक गंमत. अमेरिकेत या गोळीला १९६८ मध्ये परवानगी मिळाली ती चेहऱ्याच्या कळेसाठी. फेफऱ्यासाठी मिळायला १९७४ उजाडलं. म्हणजे मधली सहा वर्षं तिथे ही कागदोपत्री गालदुखीचीच गोळी होती!

तेव्हा बाई, पाकीट कपाटातून काढा आणि एकदा डॉक्टरांशी बोलून ह्यांना सुरू करायला सांगा. सुरुवातीला झोप येईल, तोल जाईल. म्हणून मात्रा हळूहळू चढवतात. अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आशियाई वंशाच्या काही लोकांत या गोळीने त्वचा सोलवटण्याइतकी गंभीर प्रतिक्रिया येते. आणखी एक: तीन-चार आठवड्यांनी ‘गोळी लागू पडेनाशी झाली’ असं ह्यांना वाटू शकेल. हे औषध यकृताला त्याच औषधाचा फडशा पाडायला शिकवतं, त्यामुळे रक्तातलं प्रमाण उतरतं. डॉक्टर मात्रा वाढवतील. आपल्या मनाने वाढवू नका, आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.

टेफ्लॉनचा बोळा पुढच्या आठवड्यात. मध्ये दुसरं पत्र आलं नाही तर.